तीन-चार जागांचे कॅमेरे एकाच कंट्रोल रूममधून बघायचे आहेत? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तरं हवेत राहू नयेत म्हणून एक मांडणी डोळ्यांसमोर ठेवली आहे. सातपूरला कारखाना, १६ कॅमेरे. अंबडला गोदाम, ८ कॅमेरे. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाउस, १२ कॅमेरे. कॉलेज रोडला ऑफिस, ४ कॅमेरे. कंट्रोल रूम ऑफिसातच. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, पण हिशोबाची रीत हीच राहील.

सगळ्या जागांचं रेकॉर्डिंग ऑफिसच्या एकाच मोठ्या एनव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यावर) घेतलं तर चालेल ना?

चालेल, पण करू नका. सातपूरच्या १६ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ऑफिसात आणायचं तर प्रत्येकी २ एमबीपीएस धरून ३२ एमबीपीएसचा अपलोड दिवसरात्र, एक मिनिटही खंड न पडता लागतो. लाइन दहा मिनिटं तुटली की तेवढं रेकॉर्डिंग कायमचं गेलं, आणि चोरी करणारा आधी वायरच कापतो.

म्हणून प्रत्येक जागेवर तिचा स्वतःचा एनव्हीआर ठेवा. ऑफिसात फक्त बघायचं चित्र येऊ द्या, तेही सब-स्ट्रीमवर, म्हणजे कॅमेरा मूळ (मेन) स्ट्रीमसोबत पाठवतो त्या हलक्या, कमी दर्जाच्या चित्रावर. तेच १६ कॅमेरे ५१२ केबीपीएसच्या सब-स्ट्रीमने बघितले तर सुमारे ८ एमबीपीएसमध्ये काम होतं. इंटरनेट गेलं तरी रेकॉर्डिंग जागेवर चालूच राहतं आणि लाइन आल्यावर मागचं बघता येतं. या पानावरची बाकी सगळी उत्तरं या एका निर्णयावर उभी आहेत.

कॅमेरा बदलला की तीन-चार सेकंद काळा पडदा दिसतो. नवीन कॉम्प्युटर घ्यावा लागेल का?

बहुतेक वेळा नाही. बटण दाबल्यावर काय घडतं ते बघा. सॉफ्टवेअर त्या जागेच्या एनव्हीआरकडे स्ट्रीम मागतं, लॉगिन होतं, डेटा यायला लागतो. इथपर्यंत अर्धा सेकंदही जात नाही. पण आलेला डेटा लगेच दाखवता येत नाही, कारण एच.२६५ मध्ये (व्हिडिओ आकसण्याची पद्धत) प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. मधल्या फ्रेममध्ये आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं एवढंच असतं. पूर्ण चित्र असलेली आय-फ्रेम येईपर्यंत डिकोडरला थांबावंच लागतं.

कॅमेऱ्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ‘आय-फ्रेम इंटरव्हल’ शोधा. १५ फ्रेमच्या स्ट्रीमला तिथे ६० असेल तर आय-फ्रेम चार सेकंदांतून एकदा येते. तो काळा पडदा हाच. सब-स्ट्रीमला १५ ठेवा, म्हणजे सेकंदाला एक आय-फ्रेम. मेन स्ट्रीमला ३० ठेवा, म्हणजे जास्तीत जास्त दोन सेकंद थांबावं लागेल.

‘एच.२६५ प्लस’ किंवा ‘स्मार्ट कोडेक’ नावाची सोय चालू असेल तर ही सेटिंग बदलताच येत नाही, कारण ती जागा वाचवण्यासाठी आय-फ्रेम आणखी लांबवते. सतत बघायच्या कॅमेऱ्यांवर ती बंद करा. डिस्क थोडी जास्त भरेल, पण स्विचिंग सुधारेल.

तरीही झटक्यात बदल हवा असेल तर?

सब-स्ट्रीम आधीपासून उघडे ठेवा. पडद्यावर १६ खिडक्या कायम चालू असल्या आणि त्यातली एक मोठी केली, तर चांगलं सॉफ्टवेअर आधी तोच सब-स्ट्रीम ताणून दाखवतं आणि मागे मेन स्ट्रीम आला की चित्र स्वच्छ होतं. बघणाऱ्याला खंड जाणवत नाही. सॉफ्टवेअर निवडताना विक्रेत्यासमोर हे करून बघा. माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं.

आपोआप फिरणाऱ्या क्रमात प्रत्येक कॅमेऱ्याला किती सेकंद द्यावेत?

आठ ते दहा. पाचच्या खाली गेलं की चित्र स्थिर होऊन डोळ्याला काही उमगेपर्यंत ते निघून जातं. एका क्रमात दहा-बारापेक्षा जास्त कॅमेरे घालू नका. ४० कॅमेरे दहा सेकंदांनी फिरवले तर गेट पुन्हा दिसायला जवळजवळ सात मिनिटं जातात, आणि तेवढ्या वेळात टेम्पो भरून निघून जाऊ शकतो. गेट, वजनकाटा आणि लोडिंग डॉक यांच्या खिडक्या कायमच्या ठेवा. फिरता क्रम उरलेल्यांसाठी.

आयपी पत्ते कसे द्यायचे? प्रत्येक ठिकाणी राउटर १९२.१६८.१.१ वरच आहे.

हेच सगळ्यात आधी बदला. जोडण्याच्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. दोन्ही टोकांना १९२.१६८.१ चंच जाळं असेल तर ऑफिसच्या कॉम्प्युटरला १९२.१६८.१.२० हा कॅमेरा सातपूरचा की इथलाच ते कळायला मार्गच नाही. व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन जागा जोडणारा खासगी बोगदा) जोडलेला दिसतो आणि कॅमेरा मात्र उघडत नाही.

ऑफिसला १९२.१६८.१०.०, सातपूरला १९२.१६८.११.०, अंबडला १९२.१६८.१२.०, पिंपळगावला १९२.१६८.१३.० अशी जाळी द्या. प्रत्येक जागी राउटर .१ वर, एनव्हीआर .५ वर आणि कॅमेरे .१०१ पासून पुढे. म्हणजे १९२.१६८.१३.१०७ वाचलं की पिंपळगावचा सातवा कॅमेरा हे कागद न बघता कळतं. पत्ते कॅमेऱ्यातच स्थिर टाका, डीएचसीपीवर (राउटरने आपोआप पत्ते वाटण्यावर) सोडू नका.

नावांनाही हीच शिस्त लावा. ‘कॅमेरा ०१’ प्रत्येक जागी असतो. त्याऐवजी ‘पिंप-०७-प्रीकूलिंग दार’ असं लिहा आणि कॅमेऱ्याखाली भिंतीवर तोच नंबर रंगवा. रात्री दोन वाजता वॉचमनला फोनवर ‘सातचा कॅमेरा बघ’ एवढंच सांगावं लागतं.

पोर्ट फॉरवर्डिंग केलं (राउटरमधून आतल्या एनव्हीआरपर्यंत वाट उघडली), तरी बाहेरून काही उघडत नाही.

राउटरच्या वॅन (इंटरनेट जोडणीच्या) पानावरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल किंवा त्याचा पहिल्या टिंबाआधीचा आकडा नेमका १० असेल, तर कंपनीने तुम्हाला इतर ग्राहकांसोबत एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं आहे. याला सीजी-नॅट म्हणतात. तिथे पोर्ट उघडून उपयोग होत नाही.

आणि उपयोग होत असला तरी पोर्ट उघडू नका. ५५४ किंवा ८० पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवलेला एनव्हीआर काही तासांत स्कॅनरच्या नजरेस पडतो, आणि मग पासवर्डचे प्रयत्न दिवसरात्र चालू राहतात.

व्हीपीएन घ्या. स्टॅटिक आयपी फक्त ऑफिसला लागतो. बाकीच्या जागा आतून बाहेर फोन लावल्यासारख्या ऑफिसला जोडतात, त्यामुळे त्यांना सीजी-नॅट आड येत नाही. वायरगार्ड हा व्हीपीएन चालवू शकणारा राउटर प्रत्येक जागी एक. ऑफिसच्या राउटरवर यूडीपी ५१८२० हा एकच पोर्ट उघडा. शाखांच्या राउटरवर ‘पर्सिस्टंट कीप-अलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा. ते शून्य राहिलं तर काही वेळ शांतता झाल्यावर कंपनीचा नॅट वाट विसरतो आणि ऑफिसकडून त्या जागेपर्यंत पोहोचता येत नाही.

व्हीपीएन जोडला, पिंग जातो, एनव्हीआरचं लॉगिनही उघडतं. व्हिडिओ मात्र येत नाही किंवा पहिल्या चित्रावर गोठतो.

हे एमटीयूचं, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराचं, दुखणं आहे. पिंगचं पाकीट छोटं असतं, ते बोगद्यातून निघून जातं. व्हिडिओची पाकिटं पूर्ण भरलेली असतात आणि बोगद्याचं वेष्टन चढलं की ती लाइनच्या मर्यादेबाहेर जातात. वायरगार्डचा नेहमीचा आकडा १४२०. पण युझरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या पीपीपीओई लाइनवर मर्यादा १५०० नसून १४९२ असते, म्हणून तिथे १४१२ ठेवा. त्यानेही सुटलं नाही तर १३८० करून बघा. सोबत राउटरमध्ये ‘एमएसएस क्लॅम्प’ चालू करा, तो टीसीपीची पाकिटं त्याच मापात ठेवतो. बदल दोन्ही टोकांना करायचा.

चित्र येतं पण मधेच करडे पट्टे ओढले जातात, तर ते वेगळं. तिथे आरटीएसपी (व्हिडिओ मागवण्याची पद्धत) हरवलेलं पाकीट पुन्हा न पाठवणाऱ्या यूडीपीवर चालतंय आणि पाकिटं गळताहेत. सॉफ्टवेअरमध्ये त्या जागेसाठी टीसीपी निवडा.

इंटरनेटचा प्लॅन केवढा घ्यावा?

जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. शाखेला अपलोड लागतो आणि ऑफिसला डाउनलोड. शाखेचा अपलोड रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, गर्दीच्या वेळी, तीन दिवस मोजा. पिंपळगावच्या १२ सब-स्ट्रीमना ६ एमबीपीएस, एखादा मेन स्ट्रीम मोठा करून बघायला ४, आणि मागचं रेकॉर्डिंग काढायला थोडी जागा. १५ एमबीपीएस खरा अपलोड मिळाला तर नीट चालतं.

दुसरी लाइन घेत असाल तर ती कुठून येते ते स्वतः चालत जाऊन बघा. दोन कंपन्यांच्या केबल एकाच खांबावरून येत असतील तर एका जेसीबीच्या खोदकामात दोन्ही तुटतात.

बॅकअपला ४जी राउटर पुरेल?

तात्पुरता पुरेल. ५१२ केबीपीएसचा एक सब-स्ट्रीम दिवसभर उघडा ठेवला तर साडेपाच जीबी जातात, चार ठेवले तर २२ जीबी. म्हणून ४जीवर गेल्यावर खिडक्या आपोआप बंद होऊन फक्त सूचना आणि फोटो येतील असं लावा. पंचवटी, रामकुंड परिसरात दुकान किंवा लॉज असेल, तर सिंहस्थाच्या पर्वणीला मोबाइल नेटवर्कवर भिस्त ठेवू नका. एवढी गर्दी एका टॉवरवर आली की अपलोड आधी कोसळतो.

हार्ड डिस्क किती लागेल?

१ एमबीपीएस म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. एवढा एक आकडा पाठ ठेवा.

सातपूरला १४ साधे कॅमेरे २ एमबीपीएसवर आणि गेट व वजनकाटा असे दोन ४ वर धरू. एकूण ३६ एमबीपीएस, दिवसाला ३८९ जीबी, ३० दिवसांना ११.७ टीबी. ६ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तर अगदी काठावर बसतं आणि एक कॅमेरा वाढला की महिना भरत नाही. ८ टीबीच्या दोन घ्या. पाळतीसाठी बनवलेल्याच डिस्क घ्या, कॉम्प्युटरच्या साध्या डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी नसतात.

कॅमेरा दिवसा व्यवस्थित चालतो आणि अंधार पडला की बंद-चालू होतो. कॅमेरा खराब आहे का?

कॅमेरा बदलण्याआधी केबल बघा. अंधार पडला की आयआर (डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचे) दिवे लागतात आणि कॅमेऱ्याची विजेची मागणी एकदम वाढते. केबल हलकी असेल तर एवढ्या प्रवाहाला दाब उतरतो, कॅमेरा रिस्टार्ट होतो, दिवे पुन्हा लागतात, पुन्हा तेच.

बाजारात स्वस्त मिळणारी कॅट-६ पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. वायरीचं टोक ब्लेडने खरवडा. आत चंदेरी-पांढरं दिसलं तर ती ॲल्युमिनियमची, आतही तांबूस असेल तर खरी. मीटरनेही कळतं: एका टोकाला जोडीच्या दोन तारा एकत्र पिळा आणि दुसऱ्या टोकाला ओहम मोजा. २३ गेजच्या शुद्ध तांब्याला १०० मीटरला साधारण १४ ओहम येतात. २० च्या वर गेलं तर शंका घ्या.

पीओई स्विचचं (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणाऱ्या) एकूण बजेटही तपासा. साध्या पीओईचा पोर्ट १५.४ वॅट देतो, पण कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॅटच धरायचे. फिरता पीटीझेड कॅमेरा असेल तर ३० वॅटचा पीओई प्लस पोर्ट लागतो. सोळा पोर्टच्या स्विचवर एकूण १५० वॅट लिहिलेले असतील तर सोळाही पोर्ट पूर्ण ताकदीने चालणार नाहीत.

शेडपासून गेट १६० मीटरवर आहे. मधे स्विच टाकून तांब्याचीच केबल न्यावी का?

दोन इमारतींच्या मधे किंवा उघड्यावर तांबं नेऊ नका, अंतर ६० मीटर असलं तरी. एप्रिल-मे मधल्या वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की दोन टोकांच्या अर्थिंगमध्ये क्षणभर मोठा फरक पडतो आणि तो तुमच्या केबलमधून वाट काढतो. सकाळी स्विच, एनव्हीआर आणि तीन-चार कॅमेरे एकदम गेलेले असतात. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही. फक्त मधे लोखंडी तार नसलेली फायबर मागा.

एका तंतूवर चालणारे मीडिया कन्व्हर्टर नेहमी जोडीने घ्या, एक ‘ए’ आणि एक ‘बी’. ए कडून १३१० नॅनोमीटरवर प्रकाश जातो आणि १५५० वर येतो, बी चं उलट. घाईत दोन्हीकडे ए लागले तर फायबर उत्तम असूनही लिंकचा दिवा लागत नाही.

खांबावरच्या पेटीत दर पावसाळ्यानंतर कनेक्टर का सडतो?

खराब झालेला आरजे-४५ उघडून बघा. आठ सोनेरी पट्ट्यांपैकी काहींवरच हिरवी बुरशी असल्यासारखा थर दिसेल. तो त्याच पट्ट्यांवर असतो जिथून पीओईचा डीसी दाब जातो. ओलावा आणि डीसी दाब एकत्र आले की धातू विरघळू लागतो. केबल पेटीत वरून घातली असेल तर पाणी केबलवरूनच आत ओघळतं. केबल नेहमी खालून घ्या आणि आत जाण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब झोळावरून गळतो. ग्लँड आवळा, कॅमेऱ्यासोबत आलेलं रबरी टोपण फेकू नका. न वापरलेली भोकं बुजवा, नाहीतर मुंग्या आत घर करतात.

मळ्यात आणि शीतगृहात काही वेगळं करावं लागतं का?

हो. मळ्यात रात्री आयआरच्या उजेडाकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि जाळं भिंगासमोर उजळून पूर्ण चित्र पांढरं होतं. कॅमेऱ्याचा स्वतःचा आयआर बंद करून वेगळा आयआर दिवा पाच-सहा फूट बाजूला लावा. इगतपुरीकडच्या पावसात आणि धुक्यातही हाच उपाय चालतो.

द्राक्षांच्या प्रीकूलिंग खोलीत डोम कॅमेरा टाळा. दार उघडलं की बाहेरची दमट हवा थंड काचेवर धरते आणि माल हलताना बघायचा नेमका तेव्हाच पडदा धुरकट होतो. शक्य असेल तिथे कॅमेरा बाहेर लावून दारावर रोखा. आतच हवा असेल तर बुलेट घ्या, थंडाव्याच्या झोतापासून दूर लावा आणि केबलचं भोक दोन्ही बाजूंनी फोमने बंद करा.

दार उघडलं की तोच कॅमेरा आपोआप मोठा व्हावा. कसं करायचं?

दाराला मॅग्नेटिक स्विच लावा, त्याच्या दोन तारा त्या जागेच्या एनव्हीआरच्या अलार्म इनपुटला द्या, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या अलार्मला कॅमेरा जोडा. सर्किट ‘नॉर्मली क्लोज्ड’ ठेवा. मग कोणी तार कापली तरी अलार्म वाजतो. ‘नॉर्मली ओपन’मध्ये कापलेली तार आणि बंद दार सारखंच दिसतं.

हालचालीवर चित्र मोठं करायचं असेल तर साधं मोशन डिटेक्शन वापरू नका. वेलीची पानं, गाडीचे दिवे, कुत्रं, सगळंच पडद्यावर येतं आणि आठवड्याभरात माणूस बघणं सोडतो. माणूस व वाहन ओळखणारी सोय वापरा, वेळ रात्री दहा ते सकाळी सहा ठेवा. आलेलं चित्र किमान १५ सेकंद टिकू द्या आणि प्राधान्य ठरवा, नाहीतर दोन अलार्म एकमेकांना ढकलत राहतात.

वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आहेत. एकत्र चालतील?

ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जोडण्याचं समान मानक) असेल तर चित्र येतं. एच.२६५ साठी ‘प्रोफाइल टी’ आहे का बघा. ‘प्रोफाइल एस’वर साधारण एच.२६४ पर्यंतच खात्री धरा. कंपनीच्या खास सोयी, जसं माणूस ओळखणं, पलीकडे जातीलच असं नाही. नवे कॅमेरे घेताना एसटीक्यूसी या सरकारी संस्थेच्या चाचणीचं प्रमाणपत्र मागा. एप्रिल २०२५ पासून भारतात ही सुरक्षा-चाचणी बंधनकारक आहे.

वीज गेल्यावर किती वेळ चालेल?

सातपूरचा हिशोब: १६ कॅमेरे रात्री सरासरी ७ वॅटने ११२, एनव्हीआर व स्विचला ४०, राउटर व फायबरच्या डब्याला २०. साधारण १७५ वॅट. छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी यावर दहा-बारा मिनिटं टिकते. १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी पाच तास ओढते. इन्व्हर्टर ‘यूपीएस मोड’वर ठेवा, नाहीतर बदलाच्या क्षणी एनव्हीआर रिस्टार्ट होतो. इंटरनेटच्या डब्याला बॅकअप द्यायला हमखास विसरलं जातं. तो बंद असेल तर ऑफिसात काहीच दिसत नाही.

पोलिसांना किंवा कोर्टात फुटेज द्यायचं असेल तर?

आधी घड्याळ. सगळे एनव्हीआर आणि कॅमेरे एकाच एनटीपी (वेळ जुळवणाऱ्या) सर्व्हरवरून वेळ घेतील असं लावा, टाइम झोन +५:३०, डेलाइट सेव्हिंग बंद. गेटचा आणि गोदामाचा कॅमेरा एकमेकांपासून चार मिनिटं पुढेमागे असतील तर एकच गाडी दोन ठिकाणी दाखवणं कठीण होतं.

घटना कळल्याबरोबर ते तास लॉक करा, म्हणजे डिस्क फिरून त्यावर लिहिणार नाही. फाइल मूळ स्वरूपात काढा, मोबाइलने पडद्याचं शूटिंग करू नका. काढल्या क्षणी एसएचए-२५६ हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा) नोंदवून ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब च्या जागी ते आलं आणि त्याच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो.

सगळं बसवून झालं. पुढे काय तपासत राहायचं?

कॅमेरा बंद पडल्याची आणि डिस्क बिघडल्याची सूचना मोबाइलवर येते का, ते एक कॅमेरा मुद्दाम काढून बघा. महिन्यातून एकदा प्रत्येक जागेचा २५ दिवसांपूर्वीचा एखादा तास उघडून दोन मिनिटं चालवा. लाल ठिपका दिसतो म्हणून रेकॉर्डिंग होतंच असं नाही. द्राक्षांच्या हंगामाआधी डिसेंबरात पॅकहाउसच्या काचा पुसा, आणि मे संपण्याआधी खांबांचं अर्थिंग व पेट्यांचे ग्लँड बघून घ्या. पासवर्ड, आयपी पत्त्यांची यादी, केबलचा नकाशा आणि प्रत्येक एनव्हीआरची बॅकअप सेटिंग फाइल यांची एक प्रत ऑफिसात, एक घरी ठेवा.